कापड कुणी विणलं?

भिवंडी मला कधीच आवडली नाही. मालेगाव आवडलं, सोलापूर तर फार जवळचं वाटलं, आणि इचलकरंजीबद्दल आदर आणि राग दोन्ही मनात कायम राहिले. मुंबईतल्या एका सहकारी ग्राहक भांडारासाठी मी कापड खरेदी करायचे. गणवेशाचं कापड, पांढरं पॉपलिन, चादरी, टॉवेल. त्यामुळे गाव कळायचं ते एसटी स्टँडपासून सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावण्याच्या, गल्लीपर्यंत आणि तिथून दिवाणजींच्या गादीपर्यंत. देवळं, बागा, बाजार राहूनच जायचे. पण कापड कोण विणतो, किती तास उभा राहून विणतो, रात्री कुठे झोपतो, हे डोळ्यांना दिसायचं. ते बघितल्यावर स्वदेशीचा आपला इतिहास मी पुन्हा वाचायला घेतला, आणि शाळेत शिकलेल्यापेक्षा तो मला बराच वेगळा दिसला.

विकत घेताना माणसाने विचार करावा, ही कल्पना बाहेरून आलेली आहे असं हल्लीच्या मुलांना वाटतं. महाराष्ट्रात ती पावणेदोनशे वर्षं जुनी आहे. लोकहितवादींनी ‘प्रभाकर’मधल्या पत्रांतून १८४९ च्या सुमारास लोकांना सांगितलं होतं की देशी माल जाडाभरडा असला तरी तोच वापरा. त्यांच्यानंतरच्या पिढीत गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी ते करून दाखवलं. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा उभी करणारे आणि वासुदेव बळवंत फडक्यांचं वकीलपत्र घेणारे हे गृहस्थ स्वतः सूत कातायचे. देशी मालाची दुकानं निघावीत म्हणून खटपट करायचे. १८७७ च्या दिल्ली दरबाराला राजेरजवाडे जरीकिनखाब लेवून आले, तिथे काका खादीच्या पांढऱ्या कपड्यांत उभे राहिले. या सगळ्या परंपरेत मला सर्वांत पूज्य वाटतात ते काकाच, कारण अंगावरच्या कापडामागचे कष्ट त्यांच्या स्वतःच्या बोटांना ठाऊक होते.

पुढे ही चळवळ मोठी झाली तसा हा धागा सुटत गेला. १८९६ मध्ये सरकारने देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला. लँकेशायरच्या गिरण्यांचा धंदा राखण्यासाठीच तो होता, आणि त्यावर महाराष्ट्रात विलायती कापडाच्या बहिष्काराची हाक उठली. मग बंगालची फाळणी झाली आणि ७ ऑक्टोबर १९०५ ला पुण्यात विलायती कपड्यांची होळी पेटली. सावरकरांचा पुढाकार होता, टिळक होते, शिवरामपंत परांजपे होते. विद्यार्थ्यांनी अंगावरचे कोट त्या आगीत टाकले. तो त्याग खरा होता, याबद्दल मला शंका नाही.

पण त्याच वर्षी मुंबईच्या परळ-लालबागेत काय चाललं होतं? गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आले होते. तोवर सूर्य मावळला की साचे थांबत, सूर्यच कामगाराचा कैवारी होता. दिवे आले आणि दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. देशी कापडाला अशी मागणी कधीच नव्हती, भाव चढे होते, आणि मालकांनी ती संधी पुरेपूर घेतली. पुण्यातल्या होळीनंतर जे देशी कापड लोकांनी अभिमानाने अंगावर घातलं, ते त्या दिव्यांखाली विणलेलं होतं. कामगारांची कुरकुर, चौकशी समित्या, आयोग हे सगळं झाल्यावर १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला. बारा!

ही गोष्ट कुणी मांडलीच नव्हती असं नाही. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना काढली, ‘दीनबंधू’तून लिहिलं, सभा घेतल्या, आणि १८९० मध्ये आठवड्याची रविवारची सुट्टी मिळवली. पण ते बोलणं एका बाजूला राहिलं आणि स्वदेशी दुसऱ्या बाजूला. काय विकत घ्यावं हे सांगणारे पुढारी आणि कामाचे तास मोजणारे पुढारी यांची गाठ फार क्वचित पडली. महाराष्ट्राच्या इतिहासातली ही मोठी हानी आहे असं मी मानते.

त्यातली एक गोष्ट मला फार खोल लागली, कारण ती मी हातात धरून पाहिलेली आहे. माग म्हटला की आडवं सूत घेऊन धावणारा धोटा आला. लाकडी, दोन्ही टोकांना लोखंडी अणी, पोटात सुताची कांडी. कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या बाजूच्या बारीक छिद्रातून बाहेर काढायचं. जुन्या धोट्यात ते काढायची एकच रीत होती: छिद्राला ओठ लावून श्वासाने आत ओढायचं. मागांवर उभा असलेला विणकर दिवसभरात असं कितीतरी वेळा करायचा. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. एवढ्या कारणासाठी मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्य कामगारांना उभं राहू दिलं जात नव्हतं. उष्टं सूत चालणार नाही म्हणून. विणाईत पगार सगळ्यांत बरा, आणि तिथेच दार बंद. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांसमोर लावून धरला. तेव्हा कुठे त्याची नोंद घेतली गेली. इचलकरंजीच्या एका शेडमध्ये एका म्हाताऱ्या विणकराने मला तसा जुना धोटा दाखवला. त्या छिद्राच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. गिरणीतून निघालेल्या त्या काळच्या प्रत्येक देशी धोतरात ही बंदी विणलेली होती, आणि ग्राहकाच्या कानापर्यंत ती पोचलीच नाही.

१२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत विलायती कापडाच्या लॉरीखाली गेलेला बाबू गेनू आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा आणि गिरणी कामगारच. ज्या व्यवस्थेत तो खपत होता तिच्याच मालासाठी त्याने प्राण दिले. आपण त्याचं नाव रस्त्याला देतो, चौकाला देतो. त्याचा पगार किती होता, हे विचारत नाही.

एकदा मात्र हा प्रश्न नीट विचारला गेला. १९३५ मध्ये गांधीजी वर्ध्याला होते. खादी स्वस्त करण्यासाठी कातणाऱ्या बायकांच्या हातावर फार थोडे पैसे पडतात, हे त्यांना टोचलं. चरखा संघाने कातिणीला पोटापुरती मजुरी दिलीच पाहिजे, खादी महागली तरी चालेल, असा त्यांनी आग्रह धरला. खादीचे कार्यकर्ते घाबरले. विक्री पडेल, भांडारं बसतील, अशी त्यांची भीती होती, आणि ती खोटी नव्हती. तरी गांधीजी हटले नाहीत. कापड देशी आहे एवढं पुरत नाही, ते कातणारीला काय मिळालं हेही घेणाऱ्याने पाहिलं पाहिजे, असं इतक्या स्पष्टपणे आपल्याकडे त्याआधी कुणी सांगितल्याचं माझ्या वाचनात नाही. गांधीजींच्या इतर पुष्कळ गोष्टींवर आपण भांडतो. या एका गोष्टीसाठी मी त्यांची ऋणी आहे.

आता इचलकरंजी. पुण्यात होळी पेटली त्याच्या आदल्याच वर्षी, १९०४ मध्ये, विठ्ठलराव दातारांनी जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या पाठिंब्यावर इथे पहिला यंत्रमाग सुरू केला. परक्याच्या भांडवलाशिवाय लहान माणसाने कारखानदार व्हायचं, हे या गावाने करून दाखवलं. चार मागांचा मालक स्वतः तेलाने माखलेले हात घेऊन समोर येतो. त्याच्याशी भाव करताना मला कधी परकं वाटलं नाही. माझा आदर आहे तो यासाठी. राग आहे तो पंचगंगेसाठी. सायझिंग-प्रोसेसिंगच्या पाण्याने आणि शहराच्या सांडपाण्याने नदीची अशी दशा झाली की नदीकाठच्या या गावाला पिण्याचं पाणी कृष्णेवरून आणावं लागलं. आम्ही मागवलेल्या पांढऱ्याशुभ्र कापडाची किंमत त्या नदीने भरली.

आणि मजुरी. इचलकरंजीत मजुरी पिकावर ठरते. एका इंचात आडवे धागे किती ते पीक, आणि बावन्न पिकाला मीटरमागे किती पैसे यावर सगळी भांडणं, सगळे संप. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक रात्रीची. विणकराच्या खालीही माणसं आहेतच, कांड्या भरणाऱ्या बायका, ताण्याचे धागे ओवणारे वहिफणीवाले, यांचं नाव कराराच्या कागदावर शेवटी येतं. वर पाहिलं तर मालकही मोकळा नाही. पुष्कळसे खर्चीवाले, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत घेऊन त्याला कापड विणून देणारे. दर व्यापारी ठरवतो, आणि व्यापाऱ्याच्या मागे आमच्यासारखी भांडारं असतात, मीटरमागे चार आणे कमी करा म्हणणारी.

कायद्यानेही मदत केली नाही. १९४८ चा कारखाने कायदा विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगार झाले की लागू व्हायचा. मग एकाच छपराखालचे माग भाऊ, बायको, मेहुणा यांच्या नावांवर वाटले जायचे आणि प्रत्येकाकडे कामगार दहाच्या आत. भिंतही नसायची मधे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईत अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. गिरण्यांचे भोंगे थांबले आणि काम अशाच शेडांच्या भिवंडीकडे सरकलं. कित्येक गिरण्या नंतर स्वतःचा शिक्का मारण्यासाठी भिवंडीचंच कापड घेत राहिल्या. लोखंड्यांपासून शंभर वर्षांत मिळवलेलं सगळं, रविवारची सुट्टी, प्रॉव्हिडंट फंड, आठ तास, नाशिक रस्त्यावर चाळीस-पन्नास किलोमीटर गेलं की नाहीसं व्हायचं.

म्हणून भिवंडी मला आवडत नाही, आणि यात तिथल्या माणसांना दोष नाही. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला कामगार बिशीत, म्हणजे खाणावळीत, जेवतो, मागांच्या शेजारी किंवा पाळीपाळीने वाटून घेतलेल्या खोलीत झोपतो. एक उठला की दुसरा त्याच चटईवर. शेडमध्ये एकमेकांशी बोलणं हातवाऱ्यांनी, कारण आवाजात शब्द टिकत नाही. भुवयांवर, पापण्यांवर कापसाची तूस. देशभराच्या अंगावर कापड घालणाऱ्या या शहरात त्या माणसासाठी साधं बसायचं बाकडं मला दिसलं नाही. तिथून परतताना दर वेळी मला शरम वाटायची, आणि ती वाटायलाच हवी होती.

मालेगावही गरीबच, माग तेच, तास तेच. पण तिथले मोमीन विणकर घरदार घेऊन वसलेले आहेत. १८५७ नंतरच्या काळात उत्तरेतून त्यांचे पूर्वज मोसम नदीकाठी आले आणि हातमाग घेऊन बसले. शुक्रवारी माग बंद. अख्खं गाव एकदम गप्प होतं, लोक नमाजाला जातात, मुलांना घेऊन सिनेमाला जातात. ज्या गावात विणकराला सुट्टीचा दिवस आहे आणि तो घालवायला स्वतःचं घर आहे, ते गाव मला कुठल्याही थंड हवेच्या ठिकाणापेक्षा बरं वाटतं.

सोलापूरबद्दल लिहायला लागले तर जागा पुरणार नाही. १८७७ ची जुनी मिल, तेलुगू पद्मशाली, कन्नड, मराठी, उर्दू सगळं एका गल्लीत, १९३० चा मार्शल लॉ. घरात पुरुष मागावर आणि बाई दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळते. त्या विडी कामगार बायकांनी लढून कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत मिळवली आणि तिला गोदूताई परुळेकरांचं नाव दिलं. मी ती पाहायला मुद्दाम गेले होते.

कपड्यामागच्या कामगाराचा प्रश्न परदेशातही विचारला गेला. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ शिलाई कारखान्यांची राणा प्लाझा ही इमारत कोसळली, अकराशेहून अधिक माणसं गेली, आणि परदेशी कंपन्यांनी तपासण्या सुरू केल्या. चांगलंच झालं. पण त्या तपासण्या शिलाईच्या कारखान्याच्या दारात संपतात. आग विझवायचं नळकांडं आहे का, जिना मोकळा आहे का, हे पाहतात. कापड ज्या शेडमधून आलं तिथपर्यंत सहसा कुणी जात नाही.

मी खरेदीत होते तेव्हा साध्या कापडाला विणकराच्या हाती मीटरमागे रुपयाच्या आसपास पडायचं. एका शर्टाला सव्वादोन मीटर. त्याची मजुरी दुप्पट केली तर शर्ट दोन-अडीच रुपयांनी महागतो. हे आकडे मी आमच्या भांडाराच्या सभेपुढे ठेवले होते. गणवेशाच्या कापडापुरता तरी वाढीव पैसा विणकराच्या सहीने थेट द्यावा, असा ठराव मांडला. दर वाढले तर सभासद तुटतील म्हणून तो बाजूला ठेवला गेला. मला तो अजून योग्य वाटतो, आणि सुरुवात गणवेशापासूनच व्हावी. कापड एक, रंग एक, वर्षातून एकदाच मागणी, आणि घेणारी एकच संस्था. विणकराला दिलेला पिकाचा दर कापडाच्या बिलावर छापायला त्या संस्थेला कुणाची परवानगी लागत नाही.