सार्वत्रिक रचना व सुगम्यता: व्यावसायिक शिक्षणाबाबत कायदा काय सांगतो

कार्यालयाच्या पायऱ्यांशेजारी रॅम्प असतो, पण इतका उभा की व्हीलचेअर वर न्यायला दोन माणसे लागतात. पैसा खर्च होतो, उपयोग होत नाही. अनेकदा आराखडा करणाऱ्याला हे कधी शिकवलेलेच नसते.

सार्वत्रिक रचना म्हणजे इमारत, वस्तू किंवा सेवा मुळातच अशी आखणे, की ती शक्य तितक्या सर्वांना वेगळे फेरबदल न करता वापरता येईल.

कोणाला शिकवायचे?
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४७ नुसार शिक्षक, डॉक्टर, परिचारिका, अभियंते, वास्तुविशारद, आशा व अंगणवाडी सेविका यांच्या अभ्यासक्रमात दिव्यांगत्व हा विषय असावा. पंचायत सदस्य, पोलीस, वकील व न्यायाधीश यांनाही दिव्यांगांच्या हक्कांचे प्रशिक्षण द्यायचे आहे. म्हणजे हा विषय केवळ विशेष शिक्षकांपुरता नाही.

शिकण्याने काय फरक पडतो?
रॅम्पसाठी रूढ प्रमाण १:१२ आहे. तीन पायऱ्यांची उंची ४५ सेंटिमीटर असेल, तर रॅम्प किमान ५.४ मीटर, म्हणजे जवळपास १८ फूट लांब हवा. एवढी जागा नकाशातच सोडावी लागते. इमारत उभी राहिल्यावर ती सापडत नाही. सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही (कलम ४४). मात्र दाखला देणाऱ्यालाही मोजायचे काय, हे माहीत असावे लागते.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात २०१७ च्या नियमांतील नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवला. सुगम्यतेचे निकष केवळ मार्गदर्शक न ठेवता, किमान काही निकष बंधनकारक करावेत, असे न्यायालयाने केंद्राला सांगितले.

तुम्ही काय करू शकता?
अडचणीच्या जागेचा फोटो घ्या, उंची व लांबी मोजा. नुसते ‘रॅम्प बरोबर नाही’ यापेक्षा मापासह केलेली तक्रार टाळणे कठीण असते. ती ‘सुगम्य भारत’ अ‍ॅपवर किंवा आपल्या राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवता येते.

शासकीय महाविद्यालयात किंवा प्रशिक्षण केंद्रात हा विषय शिकवला जातो का, हे माहिती अधिकाराखाली विचारता येते. उत्तर साधारणपणे ३० दिवसांत मिळायला हवे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क लागत नाही. अर्जासोबत त्याचा पुरावा जोडा.