पेडल दाबलं की जोर मिळतो किती?

विजेच्या गाडीचं पेडल दाबणं म्हणजे एक अर्ज करणं. मोटर या क्षणी किती टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा किती जोर, देऊ शकेल याचा अंदाज बांधून गाडीतला संगणक तो मंजूर करतो. कधी पूर्ण, कधी अर्धामुर्धा. टोरांटोत किंवा मिनेसोटात राहत असाल, तर जानेवारीच्या सकाळी तुम्हाला याचा अनुभव आलाही असेल. पण हा अंदाज बांधायची गरज संगणकाहून कितीतरी जुनी आहे.

२९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ कामीय जेनात्झी या बेल्जियन चालकाने विजेची गाडी ताशी १०५.८८ किलोमीटर वेगाने पळवली. ताशी १०० चा टप्पा ओलांडणारी ही पहिली मोटारगाडी. दोनच वर्षं आधी, १८९७ मध्ये, जर्मनीत पॉयकर्ट याने शिशाच्या बॅटरीचा स्वभाव सूत्रात मांडला होता: जितक्या घाईने वीज काढाल, तितकी ती एकूण कमी हाती लागते.

पुढे १९०७ पासून डेट्रॉईट इलेक्ट्रिक गाड्या बनू लागल्या. हेन्री फोर्डची पत्नी क्लारासुद्धा हीच गाडी वापरत असे. त्या काळच्या विजेच्या गाड्यांमध्ये व्होल्टमीटर आणि अँपिअरमीटर असत. चढावर काटा किती खाली घसरतो ते पाहून चालकच अंदाज बांधायचा.

आज तोच हिशेब सेकंदात अनेक वेळा होतो. समजा, बॅटरी ४०० व्होल्टची आहे, अंतर्गत रोध ०.१ ओहम आणि प्रवाह ३०० अँपिअर. ३० व्होल्ट आतच खर्च होतात, बाहेर १११ किलोवॅट मिळतात. थंडीने रोध ०.३ झाला, तर त्याच प्रवाहाला ९३ किलोवॅटच उरतात. त्यातून हीटरचा वाटा आणि वाटेतली गळती वजा करायची. उरलेल्या शक्तीला मोटरच्या फिरण्याच्या वेगाने भागलं की टॉर्क. म्हणूनच सिग्नलवरून सुटताना गाडी चपळ वाटते, पण हायवेवर वेग वाढवताना बॅटरीची मर्यादा जाणवते.

खरी अडचण अशी, की हा रोध चालत्या गाडीत थेट मोजता येत नाही. प्रवाह, व्होल्टेज आणि तापमान यांवरून तो ताडावा लागतो. १९६० मध्ये रुडॉल्फ काल्मन यांनी सदोष मोजमापांतून खरी स्थिती ओळखण्याची रीत मांडली. २००४ मध्ये ग्रेगरी प्लेट यांनी ती गाड्यांच्या बॅटऱ्यांना कशी लावायची ते सविस्तर दाखवलं.

अंदाज सढळ निघाला, तर ट्रकला ओलांडताना व्होल्टेज कोसळून जोर मध्येच तुटू शकतो. तो कंजूष निघाला, तर असलेली ताकदही तुमच्या हाती येत नाही. त्यामुळे थंडीत निघण्यापूर्वी, गाडी प्लगला असतानाच बॅटरी गरम करून घ्या. रोध उतरतो, आणि तुमचा अर्ज जरा अधिक मंजूर होतो.