कंपू जमवण्याचे डाव

१९७८मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ हा निव्वळ अक्षरांवर चालणारा खेळ रचला. माणसं एका जगात आली, पण जो तो आपापल्या खजिन्यामागे. पुढे कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांनी ‘डिकूमड’ केला, त्यात ‘ग्रुप’ ही आज्ञाच होती: टोळी करा, राक्षस मारा, गुण वाटून घ्या.

१९९९च्या ‘एव्हरक्वेस्ट’ने हे आमिष सोडून सरळ सक्तीच केली. टोळी सहा जणांची. एकानं मार झेलायचा, दुसऱ्यानं जखमा भरायच्या, बाकीच्यांनी घाव घालायचे. थोडं पुढे गेलं की बहुतेकांना एकट्यानं शिकार झेपेना. मेलात तर अंगावरचं सगळं सामान प्रेतापाशीच राहायचं आणि ते परत आणायला अनेकदा कुणाचे तरी पाय धरावे लागायचे. जादूगाराची शक्ती भरून यायला बराच वेळ लागे. सुरुवातीच्या पातळ्यांवर तर तेवढा वेळ मंत्रांच्या पोथीनं अख्खा पडदा झाकलेला. मग करणार काय? गप्पा! माझ्या मते या खेळातल्या दोस्त्या त्या कंटाळ्यातूनच झाल्या. शिवाय लुटीत लबाडी करणाऱ्याचं नाव सर्व्हरभर व्हायचं आणि मग त्याला कुणी टोळीत घेईना.

२००४ला आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’नं एकट्यालाही शेवटच्या पातळीपर्यंत जाऊ दिलं, टोळी लागायची ती मुख्यतः भुयारांत. त्यासाठी माणसं शोधण्यात तास जायचे, म्हणून डिसेंबर २००९मध्ये ‘डन्जन फाइंडर’ आला. बटण दाबा, वेगवेगळ्या सर्व्हरवरचे पाच जण जुळतात, थेट भुयारात उतरतात, वर बक्षीसही मिळतं. सोय झाली, यात वाद नाही. पण पुन्हा गाठ पडण्याची शक्यता कमी, तेव्हा नीट वागण्याचं कारणही उरलं नाही. ‘नमस्कार’सुद्धा न म्हणता लोक येत नि जात.

२०१२च्या ‘गिल्ड वॉर्स २’नं मला सर्वांत आवडलेली युक्ती काढली. निमंत्रण नको, पुरेसे घाव घातलेल्या प्रत्येकाला स्वतंत्र लूट, आणि पडलेल्या परक्याला उठवलं तरी गुण. दुसरा आला की आपलं काही जात नाही, हे त्या खेळानं हिशेबातच बसवलं.

ऑगस्ट २०१९मध्ये खेळाडूंच्याच आग्रहावरून वॉरक्राफ्टची जुनी आवृत्ती ‘क्लासिक’ नावानं परत आली. तीत ‘डन्जन फाइंडर’चं ते बटण नव्हतं. लोक पुन्हा चॅटमध्ये ‘हीलर पाहिजे’ म्हणून हाका घालू लागले, भुयारापर्यंत पायपीट करू लागले, आणि यासाठी दरमहा वर्गणीही भरू लागले.