लेडनहॉल स्ट्रीटवरचा हरवलेला दरबार

१/ सप्टेंबर १८३९. सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना इंग्रजांनी पदच्युत करून काशीस पाठविले. दाद मागावयाची तर ती कोठे? राज्य हिरावणारी सत्ता एक व्यापारी कंपनी होती आणि तिचा दरबार लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर भरत असे. त्या वास्तूचे नाव ईस्ट इंडिया हाऊस.

२/ कंपनी या जागी १६४८ मध्ये भाड्याने आली. १७२६ ते १७२९ या काळात तेथे नवी इमारत उभी राहिली. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिचा मोठा विस्तार झाला. सुमारे २०० फूट लांबीचा दर्शनी भाग, समोर ६ भव्य स्तंभ आणि त्यांवरील शिल्पात पूर्वेच्या व्यापाराचे रक्षण करणारा राजा तिसरा जॉर्ज!

३/ आत महसूल समितीच्या दालनाच्या छतावर १७७८ चे एक चित्र होते. खडकावर बसलेल्या ब्रिटानियाला पूर्वेकडील देश मोती, रत्ने आणि चिनी मातीची भांडी अर्पण करीत आहेत. कंपनीची स्वतःविषयीची कल्पना यात स्पष्ट दिसते.

४/ या वास्तूची खरी शक्ती मात्र कागदात होती. २४ संचालक आणि कारकुनांचा मोठा ताफा येथून हिंदुस्थानचा कारभार पाही. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८२३ ते १८५८ येथे नोकरी केली. हिंदुस्थान त्यांनी कधीच पाहिला नाही. जहाजे आफ्रिकेला वळसा घालून येत, तेव्हा एका खलित्याच्या उत्तरास वर्षाहून अधिक काळ सहज लागे.

५/ अशा या दारात महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते उभे राहिले. १८१९ च्या तहाने कंपनीनेच प्रतापसिंहांना गादीवर बसविले होते. मग उघड चौकशीवाचून त्यांना दूर कसे केले, हा त्यांचा प्रश्न. भागधारकांच्या सभेत सातारच्या बाजूने बोलणारे इंग्रजही निघाले.

६/ पण पदच्युतीचा निर्णय अमलात आणणारे मुंबईचे गव्हर्नर जेम्स कारनॅक हे काही वर्षांपूर्वी याच कंपनीचे अध्यक्ष होते. ज्याच्याविरुद्ध फिर्याद, त्याच्याच घरात न्यायनिवाडा!

७/ १८४७ मध्ये महाराज काशीस निवर्तले. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले. तरीही रंगो बापूजी लंडनमध्ये झगडत राहिले आणि सुमारे १४ वर्षांनी, १८५३ च्या अखेरीस, रिकाम्या हाताने परतले. १८५७ च्या उठावात त्यांचे पुत्र सीताराम यांना मृत्युदंड झाला. स्वतः रंगो बापूजी भूमिगत झाले. इंग्रजांच्या हाती ते कधीच लागले नाहीत.

८/ त्याच उठावाने कंपनीचे राज्यही बुडविले. १८५८ मध्ये सत्ता राणीकडे गेली आणि १८६१ मध्ये ईस्ट इंडिया हाऊस विकून पाडण्यात आले. १८७४ मध्ये कंपनीच विसर्जित झाली. आज त्या जागी १९८६ मध्ये खुली झालेली लॉइड्स या विमाबाजाराची पोलादी इमारत आहे.

९/ वास्तू गेली, पण तिच्यातील ऐवज विखरून उरला. टिपूचा यांत्रिक वाघ व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, तर कंपनीची दफ्तरे ब्रिटिश लायब्ररीत. सातारच्या तक्रारीवर लिहिलेले कागदही त्याच दफ्तरांत आहेत. ज्या दरबाराने ही फिर्याद फेटाळली, त्याचा दगडही जागेवर नाही. फिर्याद मात्र अद्याप वाचता येते.