विक्रेत्याची पत (ऑनलाइन बाजारपेठ)

ऑनलाइन बाजारपेठेतील विक्रेत्याची पत म्हणजे त्याचे पूर्वीचे व्यवहार, ग्राहकांचे अभिप्राय आणि पडताळता येणारी ओळख यांवरून खरेदीपूर्वी बांधला जाणारा विश्वासार्हतेचा अंदाज. अशा बाजारपेठेत संकेतस्थळ बहुधा स्वतः माल विकत नाही, तर अनेक विक्रेत्यांना जागा उपलब्ध करून देते. त्यामुळे संकेतस्थळाचा लौकिक आणि विक्रेत्याची पत या दोन भिन्न बाबी ठरतात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यासारख्या कांदा पिकवणाऱ्या भागात बियाण्यांच्या खरेदीत हा भेद विशेष महत्त्वाचा आहे.

पार्श्वभूमी

मालाचा दर्जा विक्रेत्याला ठाऊक असतो, ग्राहकाला नसतो. या विषमतेचा बाजारावर होणारा परिणाम अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणातून मांडला. त्याच निबंधात, तांदळात मुद्दाम मिसळलेले त्याच रंगाचे खडे निवडत बसणाऱ्या गृहिणीचाही उल्लेख आहे. या कार्यासाठी त्यांना २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ऑनलाइन विक्रीत ही विषमता कमी करण्यासाठी ईबे या संकेतस्थळाने १९९६ मध्ये ग्राहक व विक्रेत्यांनी परस्परांविषयी अभिप्राय देण्याची सोय केली. आजची तारांकन पद्धत याच मार्गाने पुढे आली.

आठवडे बाजारात किंवा तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात पत ही व्यक्तीशी आणि ठिकाणाशी बांधलेली असते, कारण फसलेला ग्राहक पुढच्या आठवड्यात त्याच दारात येऊन उभा राहतो. ऑनलाइन विक्रेता मात्र बदनाम झालेले खाते बंद करून नव्या नावाने परत येऊ शकतो.

कांदा बियाण्याचे उदाहरण

रब्बी कांद्याची रोपवाटिका साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाकली जाते, डिसेंबर-जानेवारीत पुनर्लागवड होते आणि मार्चनंतर काढणी सुरू होते. उगवण काही दिवसांतच कळते. वाणात भेसळ आहे का, डेंगळे किती येतात, जोडकांदा किती निघतो, हे मात्र काही महिन्यांनी दिसते. अभिप्राय बहुतेक वेळा पाकीट हाती पडताच दिला जातो आणि माल परत करण्याची मुदतही तोवर उलटून जाते. साहजिकच बियाण्याच्या पाकिटाला मिळालेले पाच तारे प्रामुख्याने वेळेवर पोहोच आणि चांगले वेष्टन यांची पावती असतात. शेतात काय उगवेल, हे त्यांतून कळत नाही. अशा मालाबाबत काढणीनंतर लिहिलेला एक तपशीलवार अभिप्राय खरेदीच्याच आठवड्यातील अनेक त्रोटक शिफारशींपेक्षा अधिक उपयोगी असतो.

वाणाचे नाव हीसुद्धा विक्रेत्याची हमी नव्हे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'फुले समर्थ' हा कांद्याचा वाण विकसित केला. परंतु ते नाव पाकिटावर छापलेले असल्याने बियाणे विद्यापीठाचेच आहे, असे सिद्ध होत नाही. बियाणे विक्रीसाठी १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशानुसार परवाना लागतो. परवाना क्रमांक, उत्पादकाचे नाव, लॉट क्रमांक, चाचणीची तारीख आणि प्रमाणित बियाण्यावरील निळी खूणचिठ्ठी या गोष्टी तारांकनापूर्वी पाहाव्या लागतात. प्रमाणित कांदा बियाण्याची किमान उगवणक्षमता ७० टक्के ठरवलेली आहे.

ओळखीची पडताळणी

विक्रेत्याचा १५ अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक शासकीय संकेतस्थळावर टाकल्यास नोंदणीकृत नाव आणि नोंदणीची तारीख दिसते. पहिले दोन अंक राज्याचे असून महाराष्ट्रासाठी ते २७ आहेत. हा क्रमांक विक्रेता अस्तित्वात असल्याचे दाखवतो, त्याच्या सचोटीविषयी काही सांगत नाही.

जुन्या वस्तूंच्या विक्रीत बहुतेकदा अभिप्रायच नसतात. तेथे भामटे लष्करी जवान असल्याचे भासवून बदली झाल्यामुळे वाहन स्वस्तात विकायचे असल्याचे सांगतात व ओळखपत्राचे छायाचित्र पाठवतात. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र असलेल्या नगरसारख्या शहरात अशी बतावणी सहज खरी वाटू शकते. गणवेशाविषयीचा आदर येथे उसन्या पतीसारखा वापरला जातो. वस्तू प्रत्यक्ष पाहण्याआधी आगाऊ रक्कम मागणे हे या फसवणुकीचे ठळक लक्षण आहे.

कायदेशीर तरतुदी

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार संकेतस्थळाने विक्रेत्याचे व्यावसायिक नाव, भौगोलिक पत्ता आणि ग्राहक सेवा क्रमांक दाखवणे बंधनकारक आहे. विक्रेत्याने स्वतः ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिण्यास मनाई आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत देऊन तिचे निवारण एका महिन्यात करावे लागते. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले.

बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या प्रकरणात २०१२ मध्ये स्पष्ट केले. शेतकरी आणलेले सर्व बियाणे पेरतो, प्रयोगशाळेतील तपासणीसाठी नमुना राखून ठेवील अशी अपेक्षा धरता येत नाही, हा मुद्दाही न्यायालयाने मान्य केला. तरीही डेंगळे हवामानामुळेही येत असल्याने दोष बियाण्याचाच होता, हे दाखवताना पावती, खूणचिठ्ठीसह पाकीट आणि कृषी विभागाच्या तालुकास्तरीय तक्रार समितीचा पंचनामा निर्णायक ठरू शकतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार विक्रेता परराज्यातील असला तरी ग्राहकाला स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यातील आयोगाकडे दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५, तर सायबर आर्थिक फसवणुकीच्या तक्रारीसाठीचा क्रमांक १९३० आहे.