वळिवडे : पंचगंगेकाठचे पोलिश गाव

कोल्हापूरच्या पूर्वेस, मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गालगत करवीर तालुक्यातील वळिवडे वसले आहे. त्याच्या शिवारात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश लोकांची वस्ती होती. हिंदुस्थानातली निर्वासित पोलिशांची ही सर्वांत मोठी छावणी.

सप्टेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत सैन्याने पूर्व पोलंड व्यापला. पुढच्या वर्षापासून तिथली कुटुंबेच्या कुटुंबे मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात सक्तीच्या मजुरीला धाडली गेली. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर स्वारी केली, तेव्हा स्टालिनला पोलिशांशी जुळवून घ्यावे लागले आणि जगले-वाचलेले सुटले. जनरल आंदेर्स यांच्या पोलिश फौजेमागोमाग हे लोक १९४२ मध्ये इराणात आणि तिथून कराचीला पोहोचले. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीत पोरक्या मुलांना दिलेला आसरा प्रसिद्ध आहे. वळिवड्याचे नाव त्या मानाने कमी घेतले जाते, वस्ती कितीतरी मोठी असूनही.

धडधाकट पुरुष युद्धावर गेले होते, त्यामुळे वळिवड्यात मुख्यतः बायका, मुले आणि म्हातारी माणसे आली. जागा कोल्हापूर संस्थानातली, खर्चाची जबाबदारी मात्र लंडनमधील परागंदा पोलिश सरकारची. लांबलचक बराकींत खोल्या पाडून कुटुंबांची सोय केली होती. छावणी म्हटले तरी तिचा संसार गावाचाच होता : चर्च, दवाखाना, अनाथाश्रम, नाटकांसाठी रंगमंच आणि पोलिश भाषेतल्या शाळा. बालवीर पथके तर फारच उत्साही. ‘आज ना उद्या परत जायचे’ या भरवशावर मुलांचे शिक्षण पोलिश वळणानेच चालू ठेवले गेले.

तो भरवसा १९४५ मध्ये संपला. यांपैकी बहुतेकांची घरे ज्या प्रदेशात होती तो सोव्हिएत संघातच राहिला, आणि ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. बालाचडी बंद झाल्यावर तिथली बरीच मुलेही इकडेच आली. १९४७-४८ मध्ये वस्ती पांगली : काही ब्रिटनला, काही ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेला, मायदेशी परतणारे थोडेच.

रिकाम्या बराकींत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे आली. तेच आजचे गांधीनगर, कापडाच्या घाऊक व्यापाराची मोठी पेठ.

पोलिश वस्तीच्या वास्तू गांधीनगरच्या वाढीत जवळजवळ लोपल्या. वारसा उरला तो कोल्हापुरातील पोलिश कबरींत आणि महावीर उद्यानातील स्मृतिस्तंभात. छावणीत वाढलेल्यांनी लंडनमध्ये संघटना उभारून आपल्या आठवणींचा जाडजूड ग्रंथही सिद्ध केला. वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक असून ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिले.