कारणाविना कृती : यहूदाचे अर्थनिर्णयन

चार शुभवर्तमानांपैकी सर्वांत आधीचे मानले जाणारे मार्कचे शुभवर्तमान यहूदा इस्कार्योताच्या कृतीला कोणतेही कारण देत नाही. तो मुख्य याजकांकडे जातो. पैशाचे आश्वासन त्याला त्यानंतर मिळते. ही रिक्त जागा पुढील संहितांना सोसवलेली दिसत नाही. मत्तय त्याच्या तोंडी मोबदल्याची विचारणा घालतो आणि तीस नाण्यांचा आकडा देतो. लूक त्याच्या ठायी सैतानाचा प्रवेश घडवितो. योहान सैतान तर ठेवतोच, शिवाय यहूदाला सामाईक थैलीतील पैसे चोरणाराही ठरवितो. मृत्यूविषयीही एकवाक्यता नाही : मत्तयाच्या कथनात तो पश्चात्तापाने नाणी परत करून गळफास घेतो, 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात मात्र त्या पैशाने घेतलेल्या शेतात कोसळून, पोट फुटून मरतो.

मूळ ग्रीक क्रियापदही संदिग्ध आहे. 'पारादिदोमी' म्हणजे सोपविणे, हवाली करणे. देवाने आपल्या पुत्राला सर्वांसाठी दिले, हे सांगताना पौलही हेच क्रियापद योजतो. 'द्रोही' या अर्थाचे नाम यहूदासाठी केवळ लूक, तेही एकदाच, वापरतो. या दृष्टीने मराठी बायबलातील 'धरून देणारा' हा प्रयोग 'विश्वासघातकी' या रूढ विशेषणापेक्षा मुळाला अधिक जवळचा आहे. कृती दैवी योजनेचाच भाग असेल, तर कर्त्याचा दोष कोणता, हा प्रश्न या क्रियापदातच दडलेला आहे.

संहितेला मौन बाळगता येते. चित्राला चेहरा द्यावाच लागतो. पादुआ येथील जोत्तोच्या भित्तिचित्रात (सुमारे १३०५) यहूदाच्या पिवळ्या झग्याने ख्रिस्ताला जवळजवळ वेढून टाकले आहे. मध्ययुगीन युरोपात अनेक ठिकाणी यहुद्यांना पिवळी खूण बाळगावी लागे, हे ध्यानात घेतले म्हणजे अशा रंगयोजनेचे गांभीर्य कळते. ख्रिस्त व त्याचे बाराही शिष्य यहुदीच होते. तरी द्रोहाचा कलंक त्या एकाच्या द्वारे संपूर्ण समाजावर लादला गेला. लिओनार्दोने (१४९५–९८) मेजापलीकडे एकटा बसविला जाणारा यहूदा इतर शिष्यांच्या रांगेत आणला. रेम्ब्रांटने (१६२९) नाणी परत करणारा, गुडघे टेकून हात पिळणारा यहूदा रंगविला.

२००६ मध्ये प्रकाशित झालेल्या कॉप्टिक 'यहूदाच्या शुभवर्तमाना'ने तो ख्रिस्ताचा खरा विश्वासू होता, असे वाचन पुढे आणले. परंतु त्यातील 'दायमोन' या शब्दाचा अर्थ 'आत्मा' घ्यावा की 'दुरात्मा', यावरून अभ्यासकांत लगेच मतभेद झाले. मार्कने सोडलेली जागा अशा रीतीने अद्याप भरलेली नाही. ती भरण्याच्या प्रत्येक प्रयत्नातून यहूदापेक्षा त्या त्या काळाची दोषारोपणाची गरजच अधिक स्पष्ट होते.